तीन दिवसांची रत्नागिरी: या वेळी आईला नवीन काय दाखवू?

मुक्कामपोस्ट

नमस्कार मंडळी,

दत्तजयंतीनंतरच्या शुक्रवारी पहाटे आईला घेऊन रत्नागिरीत उतरतेय. रविवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला परत. हातात तीन दिवस. त्यात नवीन काय करता येईल ते विचारायला हा धागा काढलाय.

आम्ही मूळचे रत्नागिरीचेच. माझी शाळा, कॉलेज सगळं तिथेच झालं. आईनं लग्न होऊन आल्यापासून छत्तीस वर्षं तिथे संसार केला. बाबा गेल्यावर, सहा वर्षांपूर्वी, ती माझ्याकडे आली आणि घर भाड्याने दिलं. तेव्हापासून वर्षातून एकदा जातो, मामाकडे उतरतो आणि तीन दिवसांत दहा-अकरा घरं करतो. प्रत्येक घरी चहा, पोहे, 'आता जेवूनच जा', तब्येतीच्या चौकश्या. माणसं जिवाभावाची आहेत, तक्रार अजिबात नाही. पण गेल्या वर्षी परतताना गाडी हातखंब्याला वळली आणि आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "अगो, समुद्र बघायचा राहिलाच."

ते वाक्य वर्षभर माझ्या मनातून गेलं नाही. मग एकदा तिला नीट बसवून विचारलं, तू रत्नागिरीत काय काय पाहिलंस? भगवतीचं देऊळ, पतितपावन मंदिर, टिळकांचं घर, मांडवीचा किनारा. एवढंच. थिबा पॅलेस बाहेरून. मिरकरवाडा बंदर नाही, कारण 'बायकांनी एवढ्या पहाटे बंदरावर जाऊन काय करायचं?' खाडीच्या पलीकडे लग्नाला नाहीतर मयताला. कातळशिल्पांचं, म्हणजे सड्यावरच्या खडकात कोरलेल्या जुन्या चित्रांचं, नाव तेव्हा कुणी काढत नव्हतं. छत्तीस वर्षं तिनं त्या गावात डबे भरले, आजारपणं काढली, आमचे अभ्यास घेतले. गाव बघायला तिला कुणी नेलंच नाही, आणि त्यात मीही आले.

आई ७१ वर्षांची आहे. गुडघे दुखतात. सपाटीवर सावकाश किलोमीटरभर चालते, चढ आणि पायऱ्या बेताने. मासे आवडीने खाते, पण रविवारी संकष्टी आहे, म्हणजे मासळीचं जे काही असेल ते शुक्रवार-शनिवारातच. आमच्याकडे गाडी नाही, रिक्षाने फिरणार.

स्थळांची यादी नको, ती कुठेही मिळते. तुम्ही स्वतः जे केलंय आणि पुन्हा कराल, ते सांगा.


सुरूबन

पहिल्यांदा थिबा पॅलेसच्या आत जा. आपल्यातले निम्मे रत्नागिरीकर ती लाल इमारत बाहेरूनच ओळखतात. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, थिबाला, इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं, दुसऱ्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं तो दुसऱ्या बंगल्यांत राहिला आणि स्वतःच्या वाड्यात आल्यावर सहा वर्षांत, १९१६ मध्ये गेला. समाधी शिवाजीनगरला आहे. थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीतच राहिली आणि तिची मुलगी इथे मराठी बोलत वाढली.

आता आत संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं नृत्यदालन आहे. जिना आहे, पण थांबत थांबत जमेल. तिथून थिबा पॉइंटला जाऊन बसा. खाली काजळी नदी भाट्याच्या खाडीत येते, ते सगळं एका नजरेत दिसतं. संध्याकाळी आईंना तिथलं वारं बरं वाटेल.


निळाई

मी म्हणेन, या वेळी तारकर्लीला जाऊन स्कूबा करा. आम्ही केलं, आयुष्यात विसरणार नाही. पाण्याखाली गेल्यावर माणूस वेगळाच होतो.


मुक्कामपोस्ट

निळाई, मनापासून आभार. पण तारकर्लीला जाऊन यायचं तर एक अख्खा दिवस गाडीत जाईल आणि आई काठावर बसून माझी वाट बघेल. तीन दिवसांत गाव बदलायचं नाही असं आम्ही ठरवलंय. रत्नागिरीत राहूनच जे पाहिलं नाही ते पाहायचंय.


पाटपाणी

तुमची तळमळ पोचली. तरी एक सांगते, राग मानू नका. वर्षातून एकदा येणारी बाई आपल्याकडे न येता गावभर फिरून गेली, हे तिच्या बरोबरीच्या बायकांना लागेल. त्या वयात पुढच्या भेटीची खात्री कुणी देऊ शकत नाही. माझ्या सासूबाईंची एक मैत्रीण अशीच आली होती. बाजारात दिसली, घरी आली नाही. दोन महिन्यांत गेली. सासूबाई अजून ते काढतात.

मला वाटतं, घरोघरी जाण्याऐवजी सगळ्यांना एका जागी बोलवा. शुक्रवारी संध्याकाळी मांडवीला या म्हणावं. भेळ खाऊ, गप्पा मारू, सूर्य बुडाला की आपापल्या घरी. चहा करण्याचं ओझं कुणावर नाही. आणि तुमच्या आईंचा समुद्रही होईल. फोन आईंना स्वतः करू द्या, तुम्ही करू नका. तो मान त्यांच्याकडून जायला हवा.


वल्हं

ताई, बंदराचं मी सांगतो, आमचं घरच तिथलं.

बायकांनी बंदरावर काय करायचं असं म्हणू नका. मासळी काठाला लागली की पुढचा धंदा बायकांच्याच हातात. मिरकरवाड्यात पहाटे होड्या लागतात, मासळीच्या पाट्या, म्हणजे टोपल्या, उतरतात आणि जागच्या जागी लिलावाचा पुकारा सुरू होतो. भाव कुठवर न्यायचा आणि कुठे सोडायचा हे त्या बायका नुसती पाटी बघून ओळखतात. आईंना घेऊन या, पण पायात घट्ट चप्पल हवी. जमीन ओली असते, बर्फाच्या गाड्या जोरात येतात, मध्ये उभं राहायचं नाही. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, बाकी बंदर कधी थंड नसतं.

दुसरं, कालवं, म्हणजे खाडीतले ऑयस्टर. तुम्ही खाल्ली असतील, पण काढताना पाहिलीत का? त्याला सुकती, म्हणजे ओहोटी, पाहिजे. हिशोब आमच्या आजोबांचा आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. शनिवारी वद्य तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, सकाळी सव्वाआठला पूर्ण सुकती. हा ढोबळ हिशोब आहे. आपल्याकडे पाणी त्याच्या थोडं आधीच फिरतं, म्हणून सातला खडकावर पाहिजे. पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, पाणी लांब जातं आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास आलात तर भांग. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, तेव्हा हात हलवत परत जावं लागतं.

एकट्यांनी जायचं नाही. रोज जाणाऱ्या बाईबरोबर जा आणि ती वळली की वळा. पाणी फिरलं की पाच मिनिटं जास्तीची मागायची नाहीत.


कातळफूल

सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरचं, सांगायला मी आले!

आईंच्या गुडघ्यांचा विचार केला तर उक्षी बघा. हत्तीचं एकच मोठं चित्र आहे, जांभ्या कातळात कोरलेलं. गावाने भोवती गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, घालून राखलंय. माणसांना दाखवायच्या आधी गावानेच ते जपायचं मनावर घेतलं, याचा मला फार आदर वाटतो. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यात उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातलं, शिवाय गोव्यातलं एक ठिकाण. कशेळीचा हत्ती तर जवळजवळ १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. पण ते लांब पडेल.

जायचं ते सकाळी लवकर नाहीतर उन्हं उतरल्यावर. डोक्यावर सूर्य असला की रेषा दिसतच नाहीत, सपाट खडक वाटतो. ऊन तिरपं झालं की एकेका रेषेत सावली भरते आणि चित्र उभं राहतं. रेषांवर पाय देऊ नका. खडू किंवा पाणी घालून फोटो काढू नका. आधी पुष्कळांनी तसं केलंय आणि त्याने दगड खराब होतो.


फेरीबोट

उशिरा वाचलं. माझी शिफारस जयगडहून तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीची. खाडी ओलांडून पलीकडे गेलं की हेदवी. तिथली बामणघळ म्हणजे खडकातली अरुंद भेग. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि उंच फवारा होऊन वर येतं. भरती साधली पाहिजे, सुकतीला गेलात तर नुसती भेग बघून याल. तीन दिवसांत बसणार नसेल तर पुढच्या खेपेला ठेवा.


मुक्कामपोस्ट

सगळ्यांचे आभार. पाटपाणी, तुमचं म्हणणं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग स्वतः उठून फोनची वही घेऊन आली. वल्हं, तुमचा पाऊणपटीचा हिशोब तिला माहीत होता! तिच्या सासऱ्यांनी सांगितलेला. पण भरती कधी हे बघून करायचं काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आल्यावर लिहिते.


मुक्कामपोस्ट

आलो. सोमवारी पहाटे पोचलो, आज बुधवार, आत्ता लिहायला बसतेय. लांबेल.

शुक्रवारी सकाळी मामाकडे बॅगा टाकल्या. मी म्हटलं, रात्रभर प्रवास झालाय, आज आराम, बंदर उद्या. आई म्हणाली, "उद्या कालवं आहेत ना? मग आजच." साडेसहाला मिरकरवाड्यात होतो.

मी तुम्हाला लिलावाबद्दल काय सांगू, माझं लक्ष आईकडेच होतं. आधी ती माझा दंड धरून भिंतीला लागून उभी होती. नाकाला पदर. मग एक पाटी उतरली, बांगड्यांची, निळ्या-हिरव्या पाठी चमकत होत्या. पुकारा सुरू झाला. आईनं हळूच पदर खाली केला आणि पुटपुटत भाव सांगायला लागली. "एवढ्याला नाही सोडणार. अजून वर जाईल." गेला. पुढच्या पाटीला तेच. छत्तीस वर्षं दारावर मासळी घेतलेली बाई, तिला मासा कळत होताच. फक्त पाटीच्या या बाजूने भाव कसा ठरतो ते ती पहिल्यांदा बघत होती. तिसऱ्या पाटीला तिनं सांगितलेल्या भावाला पुकारा थांबला, तेव्हा तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की काय सांगू.

तिथून निघताना तिच्या चपलेचा अंगठा तुटला. वल्हं, तुम्ही बजावलं होतंत, तरी ती जुनीच चप्पल घालून आली होती. ओल्या जमिनीवर अनवाणी कसं न्यायचं म्हणून मी इकडेतिकडे बघतेय, तेवढ्यात सौंदाळे मासे निवडत बसलेली एक बाई न बोलता उठली. जाळ्याचा निळा दोर दातांनी तोडला, आईचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतला आणि अंगठ्याच्या भोकातून दोर दोनदा ओवून खाली गाठ मारली. हाताला मासळीचे खवले चिकटलेले होते. "आता पुण्यापर्यंत जाल," म्हणाली. आम्ही पुण्याच्या हे तिला कसं कळलं, देव जाणे. ती चप्पल आईनं टाकू दिलेली नाही.

दुपारी थिबा पॅलेस. सुरूबन, जिना जमला, मध्ये दोनदा टेकलो. वरच्या दालनातून आई भिंतीच्या कडेकडेने चालली, जणू कुणाच्या घरात आलोय. सगळं बघून झाल्यावर थिबा पॉइंटला बसलो. खाली खाडी, पलीकडे भाट्याचं सुरूबन, मग समुद्र. आई बराच वेळ तिकडे बघत होती. म्हणाली, "त्याला समुद्र दिसत होता, पण तो त्याचा नाही. त्याच्या देशाचा समुद्र तिकडे, दुसऱ्या अंगाला." आणि थोड्या वेळाने, "तीस वर्षं म्हणजे माझ्या संसाराएवढी." पुढे ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. पुण्यात आमच्या गॅलरीत ती संध्याकाळी बसते तेव्हा तिचं तोंड पश्चिमेकडे असतं, हे मला तिथे बसल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं.

संध्याकाळी मांडवी. पाटपाणी, तुमचा सल्ला लाखमोलाचा. चौदा माणसं आली! चटया, थर्मास, एकीने सांजणी आणल्या, एकीने खोबऱ्याच्या वड्या. आईच्या शेजारची काकू, जिच्या घरी दरवर्षी सगळ्यात जास्त वेळ बसावं लागतं, ती म्हणाली, "बरं झालं गो इथे बोलावलंस. मीसुद्धा चार वर्षांत आले नव्हते." मांडवीपासून दहा मिनिटांवर राहते.


पाटपाणी

वाचून डोळ्यांत पाणी आलं. काकूंना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडेही या वेळी असंच करणार.


वल्हं

चपलेचं वाचून बरं वाटलं. निळा दोर लवकर तुटत नाही. कालवांचं काय झालं ते लिहा.


मुक्कामपोस्ट

कालवं.

मामीकडे मासळी घेऊन येणारी बाई आम्हाला भाट्याच्या खाडीत घेऊन गेली. सात वाजता पाणी इतकं मागे गेलं होतं की मी ती जागा ओळखलीच नाही. लहानपणापासून जिथे पाणीच पाहिलं, तिथे काळे खडक, चिखल आणि डबकी. आईला काठावर कोरड्या जागी स्टुलावर बसवलं. मी रबरी बूट घालून आत गेले.

सुरुवातीला मला काही दिसेना. खडक खडबडीत आहे एवढंच. बाई म्हणाली, "बाय, खडूक बगू नको, कडा बग." मग दिसलं. खडकाचा खडबडीतपणा म्हणजेच कालवं होती. एकावर एक चिकटलेल्या करड्या शिंपा, कडा ब्लेडसारख्या. तिनं कोयतीचं टोक एका शिंपेच्या सांध्यात घातलं, मनगट जरासं फिरवलं, आणि वरचं झाकण टक् करून निघालं. आत मोत्याच्या रंगाच्या वाटीत ओला, राखाडी, नखाएवढा जीव. टोकाने तो सोडवून डब्यातल्या खाऱ्या पाण्यात टाकला. खालची शिंप खडकालाच राहिली. एकाला तीन-चार सेकंद. मला पहिल्याला पाच मिनिटं लागली, आणि तेही फाटलं. तासाभरात तिचा डबा निम्मा, माझी वाटी पण नाही. पाठीचा काटा ढिला झाला. ही बाई उधाणाच्या दिवसांत सलग दोन-तीन तास वाकलेली असते.

मी बाजारात कालवांचा वाटा घेताना घासाघीस करत आलेय. आता करणार नाही.

पाणी फिरलं ते मला कळलं नाही, तिला कळलं. डबक्यात एक बारीक धार उलटी यायला लागली होती, तेवढंच. तिनं डबा उचलला. काठावर येईपर्यंत माझा मघाचा खडक अर्धा पाण्यात होता. वल्हं, पाच मिनिटांचं तुम्ही का म्हणालात ते समजलं.

एक शिंप मी आईसाठी तशीच उचलून आणली होती, न उघडलेली, दगडाच्या कपच्यासकट. आई ती हातात घेऊन उलटसुलट करत राहिली. "एवढी वर्षं शिजवली," म्हणाली, "पण मला वाटायचं ती चिखलात सुटी असतात, शिवल्यांसारखी." दुपारी मामीला बाजूला करून तिनं स्वतः कालवण केलं. कांदा, आलं-लसूण, हळद, घरचा मसाला, वाटलेलं ओलं खोबरं, दोन आमसुलं. पाण्याचा थेंब नाही, कालवांचंच सुटतं. मला सांगत होती, "जास्त शिजवू नको, रबर होतं. एवढ्या लांबून काढलेली आहेत."


कातळफूल

आणि उक्षी? माझा जीव तिकडे लागलाय.


मुक्कामपोस्ट

उक्षीच्या आधी शनिवारची संध्याकाळ. ही कुणीच सुचवली नव्हती, आईनं स्वतः मागितली.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं. बाबा सभासद होते. दर शनिवारी ऑफिसातून येताना ते आईसाठी पुस्तक आणायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून, सायकलच्या पिशवीत. पुढच्या शनिवारी ते परत जायचं, दुसरं यायचं. पुस्तक बाबा निवडायचे. आवडलं की आई आत चिठ्ठी ठेवायची, 'यांचंच दुसरं असेल तर'. हे मला माहीत होतं. पण ती वाचनालयात कधी गेलीच नव्हती, हे मला परवा कळलं. पुस्तकाच्या पानावरचा शिक्का ओळखीचा, दार अनोळखी.

दारात ती थबकली. पदर सारखा केला, जसा देवळात जाताना करते. आतल्या माणसाला म्हणाली, "आमचे हे इथले सभासद होते. मी जरा कपाटं बघितली तर चालेल?" त्या गृहस्थांनी किती आदराने तिला आत नेलं! खुर्ची दिली, हवं ते काढून दाखवतो म्हणाले. आई कपाटांच्या रांगेतून सावकाश चालत होती आणि पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवत होती. हे वाचलंय. हे वाचलंय. हे दोनदा. एक जुनं बांधणीचं पुस्तक तिनं काढलं, शेवटचं पान उघडलं, तारखांच्या शिक्क्यांच्या रांगा बघत उभी राहिली. त्यात कुठली तारीख आमच्या घरची होती का, मी विचारलं नाही. पुस्तक बंद करून तिनं ते दोन्ही हातांनी जागेवर ठेवलं.

पुण्यात आमच्या घरापासून दोन चौकांवर वाचनालय आहे. सहा वर्षांत मी तिला पुस्तकं आणून देत होते. निवडून. मीच.

कातळफूल, आता उक्षी. रविवारी सकाळी रिक्षाने गेलो. डिसेंबरचं गवत पिवळं पडलेलं, सडा मोकळा, वारा गार. तुम्ही सांगितलंत तसं तिरप्या उन्हात गेलो म्हणून दिसलं. पहिली दोन मिनिटं नुसत्या रेघा, आणि मग एकदम पाठ, सोंड, पाय. आई गडग्याला टेकून उभी राहिली. तिचा पहिला प्रश्न, "हात कुठे उचललाय?" मला कळेना. ती रांगोळीच्या हिशोबाने बघत होती. बोटाने हवेत रेघ ओढत ती सोंडेपासून निघाली, पाठीवरून मागे गेली, शेपटीपाशी थांबली, पायांतून खाली आली. "बघ, इथवर एका दमात आलाय. इथे थांबला. इथे पुन्हा धरली." मी तिथे मोठेपणा, प्राचीनपणा बघत होते. तिनं काढणाऱ्याचा हात बघितला.

"आणि हत्ती बघून काढलाय," असंही म्हणाली. "ऐकून काढलेला असा नसतो." आज त्या सड्यावर गुरं चरतात. कोणी काढला, कधी, कशासाठी, तिथल्या वाऱ्यात उभं राहिलं की हे प्रश्न आपोआप येतात.

दुपारी मामीबरोबर मोदकांच्या पाऱ्या. चंद्रोदयाच्या आधीच गाडी होती, म्हणून आईचे मोदक डब्यात. चंद्र तिला गाडीतून दिसला. हात जोडले, डबा उघडला, एक मला दिला, एक पुढच्या सीटवरच्या लहान मुलाला.


सुरूबन

मी पन्नास वर्षं रत्नागिरीत आहे. वाचनालयात गेलोय, पण बायकोला कधी नेलं नाही. उद्या विचारतो.


निळाई

आधी स्कूबा सुचवलं तेव्हा मला वाटलं होतं, नवीन म्हणजे जे कुणी करत नाही ते. हे वाचून माझ्या आजोळची आठवण झाली. देवगडला दरवर्षी जाते आणि किल्ल्यापलीकडे काही पाहिलेलं नाही. आजी ८० ची आहे. तिला काय बघायचंय हे मी विचारलेलंच नाही. वल्हं, पाऊणपटीचा हिशोब देवगडला चालेल का?


वल्हं

चालेल, किनारा एकच. थोडं आधी धरा, ढोबळच धरा, आणि तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय खडकावर उतरू नका. प्रत्येक खाडीचं पाणी आपल्या वेळेने आत शिरतं. ते तिथल्यालाच ठाऊक.


फेरीबोट

मुक्कामपोस्ट, हेदवी राहिली ना?


मुक्कामपोस्ट

राहिली. पण आईनं काल रात्री भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं होतं. माघातली पौर्णिमा शोधली. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, असं पुटपुटत होती. "दुपारची भरती सव्वाअकरा-बाराला. सकाळी निघालो तर फेरीबोट करून बामणघळीपाशी वेळेत पोचू. शेजारच्या काकूला पण घेऊ." मग डोळ्यांवर चष्मा चढवून तिनं त्या तारखेवर पेन्सिलने गोल केला.

रिक्षा की एसटी, कुठली बरी पडेल? जयगडला जाणाऱ्या सकाळच्या गाड्यांबद्दल कुणाला माहिती असेल तर लिहा.